मालतीबाईंचं उठणं

व्यायाम हा शब्द मालतीबाईंच्या घरात बत्तीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती. पाण्याचा नळ गल्लीच्या एका टोकाला, संडास दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या दहा बाय बाराच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे. सकाळपासून रात्रीपर्यंत बाईचं अंग इतकं वाकायचं, उचलायचं, ओढायचं, की वर आणखी मुद्दाम हातपाय हलवायला कुणी सांगितलं असतं, तर मालतीबाईंनी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग डोकं ठिकाणावर आहे का ते विचारलं असतं.

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या मोठ्या रस्त्यावर सकाळी पांढरे बूट घालून झपझप चालणारे शेठ त्यांनी पाहिले होते. दिवसभर गादीवर बसायचं आणि खाल्लेलं जिरवायला सकाळी पळायचं, हा त्या लोकांचा खेळ. आपण कामाची माणसं. कामाच्या माणसाला कसला आलाय व्यायाम, असं त्यांचं सरळ गणित होतं, आणि त्या गल्लीत ते कुणालाच चुकीचं वाटत नव्हतं.

मालतीबाई मूळच्या अमळनेरकडच्या. लग्न झालं आणि तिसऱ्या महिन्यात नवऱ्यामागे सुरतेला आल्या. नवरा मगन लूमच्या कारखान्यात बारा बारा तासांची पाळी करायचा. सुरतेने त्याचा मगनभाई केला आणि त्या बदल्यात त्याचे दोन्ही कान घेतले. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस घरी आला तरी ओरडूनच बोलतो, कारण आपला आवाज आपल्याला ऐकू येईल एवढा तरी असावा असं त्याला वाटतं. मगनभाई 'मीठ दे' म्हणाले तरी चार घरांच्या बाया मिठाच्या डब्याकडे बघायच्या. पुढे कारखाना सुटला आणि ते एका गोडाऊनवर रात्रीचे रखवालदार झाले.

मालतीबाई घरी बसून धागा कटिंग करायच्या. मशीनवर साडीला भरतकाम होतं, तेव्हा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना मागच्या अंगाने धागा मोकळा सुटतो. असे शेकडो धागे एकेका साडीला. छोट्या कैचीने ते कापायचे, आणि कापडाला मात्र नख लागू द्यायचं नाही. कापडाला टोक लागलं की साडी वाया. मालतीबाईंच्या हातून कधी साडी वाया गेली नाही. नवीन सुना, पोरी त्यांच्याजवळ बसून हात बघायच्या. त्यांच्याकडे शाळेचा कागद नव्हता, शेतजमीन नव्हती. हे दोन हात होते, आणि त्यांचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

तीन वर्षांपूर्वी बोटांची मधली पेरं सुजली. दोन्ही हातांची, एकाच वेळी, जुळ्या पोरांना एकत्र गोवर निघावा तशी. मग मनगटं. मग गुडघे. सकाळी उठलं की मूठच मिटायची नाही. चहाचा कप दोन तळव्यांच्या मध्ये धरून प्यावा लागायचा. दहा वाजत आले की अंग जरा सैल पडायचं आणि कैची हातात यायची. गल्लीने निदान केलं : वा आहे, वयाचा आहे, सगळ्यांनाच होतो. मग एरंडेल झालं, निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, मेथीचे लाडू झाले, मेडिकलवाल्याने चिमटीने मोजून दिलेल्या चार रंगांच्या गोळ्या झाल्या. या सगळ्यात सव्वा वर्ष गेलं. गरिबाचं दुखणं असंच असतं, ते सगळ्यांच्या दारावरून फिरून शेवटी डॉक्टरकडे पोचतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि सांगितलं, हा झिजेचा वात नाही. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून आपल्या सांध्यांवर उठली आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, ती कधीच चुकवायची नाही म्हणून बजावलं, आणि बाजूच्या खोलीत व्यायाम शिकायला पाठवलं.

त्या खोलीत पूजा नावाची मुलगी होती. गुजराती, पंचविशीची, आवाज मऊ पण बोलणं पक्कं. तिने मालतीबाईंचा हात स्वतःच्या हातात घेतला, मनगट हळूच वर केलं, खाली केलं, एकेक बोट उघडलं, मिटलं. घरी रोज हे असं करायचं, असं सांगून चित्रं काढलेला कागद दिला. मालतीबाई हसल्याच.

"बेटा, बत्तीस साल हात चालवले. अजून किती चालवू?"

पूजाला यातलं निम्मं मराठी कळलं असेल. पण प्रश्न तिला नवीन नव्हता.

"मासी, काम में हाथ रोज एक ही रास्ते से जाता है," ती म्हणाली. "जिस रास्ते नहीं जाता, वो रास्ता बंद हो जाता है. काम अलग, कसरत अलग."

मालतीबाईंनी मान हलवली, कागद घरी आणला आणि मसाल्याच्या डब्याखाली अंथरला. तेलकट डबा होता, कागद उपयोगी पडला.

गोळ्यांनी सूज उतरली हे खरं. पण दुसरीकडून घरात एक वेगळंच प्रकरण सुरू झालं, आणि त्याचं नाव होतं वृषाली. वृषाली ही त्यांची सून, प्रदीपची बायको. पोर गुणाची. सासूची बोटं बघून तिचा जीव तुटायचा. तिने आधी पाण्याची कळशी काढून घेतली, मग झाडू, मग कणीक, मग कैची. "आई, तुम्ही नुसत्या बसून राहा," हे तिचं पालुपद. केस विंचरून द्यायची, ताट हातात द्यायची, लुगड्याच्या निऱ्यासुद्धा घालून द्यायची. गल्लीत तिचं नाव झालं. सून असावी तर अशी, असं ज्या बायांना स्वतःच्या सुनेबद्दल म्हणता येत नव्हतं त्या तर दोनदा म्हणायच्या. मालतीबाईंनाही आधी बरं वाटलं. उभ्या जन्मात कुणी त्यांना बस म्हटलं नव्हतं.

आणि अशा रीतीने, मायेमायेत, बाई लाकडासारखी होत गेली. मारझोडीने माणूस पांगळं झालेलं दिसतं तरी. मायेने होतं ते दिसतही नाही. सहा महिन्यांत गुडघे पुरते सरळ होईनात, खांदा कानापर्यंत जाईना, आणि खाटेवरून उठायचं तर वृषालीच्या गळ्यात हात टाकल्याशिवाय जमेना. सगळे म्हणाले, आजार वाढला.

मग ती दुपार आली. वृषाली रेशनला गेली होती. मालतीबाई भिंत धरत धरत एकट्याच संडासापर्यंत गेल्या, आत बसल्या आणि त्यांना उठता येईना. दोन्ही हातांनी भिंतीतला पाइप धरून पाहिला, हातात जोर नव्हता. कडी आतून लावलेली, तिच्यापर्यंत हात पोचेना. किती वेळ गेला त्यांना कळलं नाही. शेवटी शेजारच्या छायाने हाक ऐकली, तिने दार ढकलून पाहिलं, आणि ती गोंधळून जाऊन नेमकी प्रदीपलाच घेऊन आली. प्रदीप जेवायला घरी आला होता. त्याने खांद्याने कडी तोडली आणि आपल्या आईला, ती जशी होती तशी, दोन हातांवर उचललं. छायाने घाईने पदर ओढला. प्रदीपने मान वळवून घेतली होती, पण ती त्याला वळवावी लागली, हे मालतीबाईंनी पाहिलं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मगनभाईंच्या कानाशी तोंड नेऊन त्या गावाकडच्या अहिराणीत म्हणाल्या, "मरन येवो. पन पोरनी माले असं उचलाले नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वृषालीला मसाल्याच्या डब्याखालचा कागद काढायला लावला. हळदीने पिवळा झाला होता, पण चित्रं दिसत होती. हातांची अकरा, पायांची सात. त्या दिवसापासून मालतीबाईंना आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती : आपलं आपण उठता यावं. देवाकडेही दुसरं काही मागणं राहिलं नव्हतं.

खोलीत जागा कुठे होती? खाट, गॅस, कपाट, धान्याची कोठी, आणि उरल्या जागेत माणसं. पण सकाळी सातला मगनभाई गोडाऊनवरून घरी यायचे. आले की ते खाट उभी करून भिंतीला टेकवायचे, चटई टाकायचे आणि पाटावर बसून मोजायचे. वाचता त्यांना जेमतेम यायचं, पण मोजणं लूमवर शिकले होते. "एक! दोन! तीन!" आवाज असा, की गल्लीच्या टोकाला नळावरच्या बायासुद्धा कळश्या त्या तालावर उचलू लागल्या. 'मगनभाईंची शाळा भरली' म्हणून सगळे हसायचे. मगनभाईंना ऐकूच येत नसल्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते वृषालीचं. जी सून कालपर्यंत सोन्याची होती, तीच आता आजारी सासूला कवायत करायला लावणारी झाली. कणीक मळायला सासू, ओला टॉवेल पिळायला सासू, भाजी निवडायला सासू. "सासूला बसू देत नाही गं," असं नळावर ऐकून आली की वृषाली अर्धवट जेवून उठायची. एकदा मालतीबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिच्याच केसांना तेल लावलं. खांदा ठणकत होता, तरी पार डोक्यापर्यंत दोन्ही हात नेऊन लावलं. त्यानंतर वृषालीने नळावरचं मनाला लावून घेणं सोडलं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. उजव्या हाताची दोन बोटं करंगळीकडे कलली ती कललीच. कैची पूर्वीसारखी चालली नाही. काही सकाळी सांधे असे गरम व्हायचे, की पूजाने सांगितल्याप्रमाणे नुसतं हळू उघडमीट करून थांबावं लागायचं. मालतीबाई कधी कंटाळून म्हणायच्या, पुरे. मगनभाईंना ते ऐकू यायचं नाही, किंवा ते ऐकायचे नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात यातलं खरं काय ते बायकोलाही कळत नाही. आधी कोठीवर बसून उठणं जमलं, मग पाटावरून. आठव्या महिन्यात एका सकाळी मालतीबाई चटईवर कुशीला वळल्या, एक गुडघा रोवला, भिंतीला तळवा लावला आणि जमिनीवरून एकट्या उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मगनभाईंचे डोळे भरले होते, पण ते एवढंच म्हणाले, "बरं. आते रोज."

गेल्या मार्गशीर्षात मगनभाई गेले. सकाळी ड्यूटीवरून आले, खाट उभी केली, चटई टाकली, छातीत जड वाटतंय म्हणाले आणि त्याच चटईवर आडवे झाले. प्रदीप रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

गावाकडून माणसं आली, उधन्याहून आली, कतारगामहून आली. दुपारी कामरेजहून मगनभाईंची थोरली बहीण रंभाबाई आल्या. आल्या म्हणजे आणल्या. त्यांना त्यांच्या मुलाने रिक्षातून दोन हातांवर उचलून आत आणलं आणि खाटेवर ठेवलं. बारा वर्षांपासून रंभाबाईंचे गुडघे दुमडलेले होते ते तसेच. हाताची बोटंही वळलेली. ती त्या नेहमी पदराखाली ठेवायच्या. माणसाने घमेलं उचलावं तसं त्यांना रोज कुणीतरी उचलायचं. पण जीभ शाबूत होती, आणि रीतिरिवाजाच्या बाबतीत त्या घराण्यात त्यांचाच शब्द शेवटचा असायचा.

त्यांनी भावाचं तोंड पाहून टाहो फोडला. प्रेत गेल्यावर, डोळे पुसून, रीत सांगितली. खोलीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकायची. तिच्यावर बाईने भिंतीकडे तोंड करून बसायचं. गंधमुक्ती होईपर्यंत, म्हणजे तेरा दिवस, संडासापुरतं सोडून जागेवरून हलायचं नाही; पाणी जागेवर, भाकर जागेवर. त्यानंतर सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही.

"बठ, मालती," त्या म्हणाल्या. "आते तुले कोठे जानं शे?"

मालतीबाई बसल्या. त्यांना स्वतःलाच कुठे उठायचं होतं? सात वाजता मोजणारा माणूस गेला होता. पहिल्या दोन सकाळी त्यांना जाग आली ती सातलाच, आणि खोलीत इतकी माणसं असून असं शांत वाटलं, की त्यांनी पदर तोंडात कोंबला. बाया हळहळत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या. कुणी पाण्याचा पेला ओठांना लावत होतं, कुणी घास भरवत होतं. हलायचं तर शेजारची लगेच खांदा दाबायची, बस माय, बस. सगळं मायेनेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. सुरतेत थंडी ती काय, पण फरशीची थंडी सांध्यांना बरोबर सापडते. मालतीबाईंना स्वतःचीच लाज वाटली. नवरा तापीकाठी राख झाला आणि आपल्याला गुडघ्यांची पडली आहे? त्यांनी तो विचार दाबून टाकला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना संडासाला न्यायचं तर जागेवरून उठवायला दोन बाया लागल्या. एकीने एका बगलेत हात घातला, दुसरीने दुसऱ्या. तरी उजवा गुडघा सरळ होईना. बायांनी बाहेर हाक मारली आणि प्रदीप दारात आला. केस कापलेला, पांढऱ्या पंच्यातला, डोळे सुजलेला प्रदीप. आईला उचलायला त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मान आधीच वळवून घेतली.

"नको," मालतीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेरचे पुरुष गप्प झाले. मग बायांनीच त्यांना ओढत नेलं आणि ओढत आणून पुन्हा घोंगडीवर बसवलं.

दुपारी पाण्याच्या निमित्ताने वृषाली कोपऱ्यात येऊन बसली आणि कानाशी लागली.

"आई, मी पूजाताईला फोन केला होता. ती म्हणते, सूज असेल तर हळू करा, पण सोडू नका. तेरा दिवस खूप होतात म्हणते."

"लोके काय म्हनतीन, पोरी?"

लोक काय म्हणतात हे त्या घरात वृषालीइतकं कुणाला माहीत नव्हतं.

त्या दुपारभर मालतीबाई पदराखाली बोटं उघडत मिटत राहिल्या. मनगट वर, मनगट खाली. बाहेरून कुणाला वाटावं, बाई मनात जप करते आहे. खाटेवरून रंभाबाई बघत होत्या.

"मालती, पदरखाले काय करी राहिनी?"

"काही नही, आक्का."

रंभाबाईंची नजर त्या पदरावरून संध्याकाळपर्यंत हटली नाही. मालतीबाईंना वाटलं, आता या सगळ्यांसमोर आपली लाज काढतील.

पाचव्या दिवशी सकाळी बायांचा चहा चालला होता. खोलीत सात-आठ जणी दाटीवाटीने बसलेल्या, दारात प्रदीप दहाव्याच्या सामानाची यादी घेऊन उभा. मालतीबाई बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी वृषालीला खुणेने बोलावलं.

"माले धरू नको," त्या म्हणाल्या. "नुसती जवळ ऱ्हाय."

आणि त्या घोंगडीवर कुशीला वळल्या. पहिल्यांदा गुडघा रोवला तर अशी कळ आली, की त्या पुन्हा खाली बसल्या. दोन बाया लगबगीने उचलायला धावल्या, त्यांना वृषालीने हात आडवा करून थांबवलं. दुसऱ्यांदा भिंतीवरून तळवा घसरला. तिसऱ्यांदा त्या उठल्या. अर्ध्या वाकलेल्या, थरथरत, पण स्वतःच्या पायांवर. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं भिंतीवर टेकवली आणि एकेक बोट पुढे टाकत हात वर चढवायला लागल्या. कमरेपासून छातीपर्यंत, छातीपासून खांद्यापर्यंत.

पहिलं तोंड उघडलं ते गावाकडून आलेल्या चुलत जावेने. "आवं माय! दादला जाईसन पाच दिन व्हयनात नही, आनि कसरत करी राहिनी!"

मग सगळ्यांनाच वाचा फुटली. कुणी म्हणालं, दुःखाने डोकं फिरलं. कुणी म्हणालं, सुनेनेच शिकवलंय, बघितलं ना कशी हात आडवा करून उभी आहे. आत्म्याला शांती कशी मिळायची, असंही एकीने विचारलं. प्रदीप दारातून आत आला. बाहेरच्या पुरुषांना हे सगळं दिसत होतं आणि त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आई, बस ना गं," तो हळू म्हणाला. "गंधमुक्तीपर्यंत तरी. नंतर कर काय करायचं ते. पप्पांसाठी एवढं तेरा दिवस नाही का बसता येत?"

हा घाव मालतीबाईंच्या वर्मी बसला. भिंतीवरचे हात तिथेच थांबले. बसता येत नव्हतं असं नाही. बसणंच सोपं होतं, घोंगडी पायाशीच होती. त्यांना सांगायचं होतं, की तुझ्याच बापाने मला उभं केलं रे, त्यांच्या नावाने आता खाली कशी बसू? पण नुसतं पाणी डोळ्यांतून गळत राहिलं आणि ते पुसायला हात खाली घेतला, तर पुन्हा वर जाईल का याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी डोळे पुसलेच नाहीत. उजव्या हाताचं एक वाकडं बोट त्यांनी आणखी थोडं वर टाकलं.

सगळ्या बायांनी खाटेकडे पाहिलं. आता निकाल तिथूनच यायचा होता. चुलत जाऊ म्हणाली, "आक्का, तुमीच सांगा हिले."

रंभाबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले. वळलेल्या, एकमेकांवर चढलेल्या त्या बोटांकडे त्या थोडा वेळ स्वतःच बघत बसल्या. इतक्या माणसांसमोर त्यांनी ते हात कधी उघडे टाकले नव्हते.

"प्रदीप," त्या म्हणाल्या, "मनी ही खाट तठे दारजोडे सरकाव. तिले जागा लागी."

प्रदीपला वाटलं, आत्या काही वेगळंच बोलते आहे. तो हलला नाही. चुलत जाऊ चिडून म्हणाली, "आक्का, बठानं तर तुमीच सांगं व्हतं ना!"

"सांगं व्हतं," रंभाबाई म्हणाल्या. "माले बी असंच सांगेल व्हतं. मना मालक गयात, तव्हय मना गुडघा दुखेत, पन मी चाले. मी बठेल व्हती. सव्वा महिना बठेल व्हती, भितकडे तोंड करीसन. मंग माले उठता उनंच नही."

प्रदीपने खाटेला हात घातला. रंभाबाई भिंतीवर चढणाऱ्या भावजयीच्या हातांकडे बघत होत्या.

"सगळ्या म्हनेत, बठ," त्या म्हणाल्या. "एक बी म्हननी नही, का ऊठ."